आल्याच्या चकतीवर

जिंगदेझेनच्या बोळांत वाट मागावी लागत नाही,
फळी आली की लोक आपसूक भिंतीला चिकटतात.
पाच हात लांब फळी,
फळीवर कच्चे वाडगे, अजून भट्टी न पाहिलेले,
आणि फळीखाली एकतीस वर्षं
यू चांगफा.

आता तो पालथा पडलाय
न्ये सूफनच्या दवाखान्यात, लाकडी बाकावर.
सदरा मानेपर्यंत वर, नाडी सैल,
नाक बाकाच्या भोकात.
भोकातून दिसते फक्त फरशी
आणि तिच्या कापडी चपला.

मोठ्या इस्पितळातली काळी फिल्म
सूफनने खिडकीला चिकटवलीय, उन्हाला तेवढाच आडोसा.
चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी
बाहेर डोकावते,
शिवण उसवलेल्या उशीतून कापूस यावा तशी.
तिथले डॉक्टर म्हणाले, कापू.
हा म्हणाला, बघू.
त्या बघूला तीन वर्षं झाली.
"पालाही तीन वर्षं मुरलेलाच लागतो," सूफन म्हणाली,
"म्हणजे तुम्ही वेळेवर आलात."

दवण्याच्या भावकीतला हा पाला.
पाचव्या महिन्यात दारावर टांगतात, उरलेला वाळवतात,
कांडतात, चाळतात, पुन्हा कांडतात,
शेवटी हाती लागते पिवळट लोकर.
त्याला इथे म्हणतात 'आय'.
आमच्याकडे ही हाक मारली तर
कुणीतरी चुलीपुढून उठून येईल.
इथे कुणी येत नाही.
इथे तो शब्द चिमटीत धरतात, त्याचा शंकू वळतात
आणि पेटवतात.

बेंबीच्या बरोब्बर मागे कमरेत एक जागा आहे,
तिचं नाव आयुष्याची वेस.
तिथून चार बोटं खाली
आल्याची चकती, सुईने टोचून चाळणी केलेली,
वर शंकू, शंकूच्या टोकाला उदबत्तीचा ठिपका.
"भाजलं की सांगा."

तो सांगत नाही.
भट्टीच्या तोंडात थुंकून, थुंकी कशी उडते त्यावरून
आच ओळखणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हाताखाली वाढलेला माणूस
बोराएवढ्या विस्तवाला काय म्हणणार?
पहिल्याच दिवशी फोड आला. टपोरा.
सूफनने दिवा जवळ आणला, पाहिलं,
आणि तिचा आवाज चढला:
"हा दवाखाना आहे, भट्टी नाही.
इथे गप्प राहण्याची मजुरी मिळत नाही."

चौथ्या दिवशी तो बोलला, पण भलतंच:
"राख करडी पडतेय. पाला सर्दावलाय तुमचा."
तुम्हाला पाठीमागचं कसं दिसतं, तिनं विचारलं.
"वास येतो."
तिनं डबा उपडा केला. तळाशी ओल होती.
दुसऱ्या डब्यातल्या पाल्याची राख
पडली वाडग्याच्या पोटासारखी पांढरी.
"आता बरोबर," भोकातून आवाज.

नवव्या दिवशी, दुसरा शंकू अर्ध्यावर असताना,
"उचला," तो म्हणाला.
इतकं हळू, की तिला वाटलं दारात कुणी आलंय.
"उचला, बाई. पोळतंय."

डाव्या पायाचा अंगठा तसाच बधीर.
गादी होती तिथेच, फिल्मही खिडकीवर.
फक्त कमरेवर एक लाल टिकली
आणि एकतीस वर्षांत न उच्चारलेला शब्द
खाली फरशीवर, चपलांच्या शेजारी.

संध्याकाळी निघाला, एक हात कमरेवर,
अंगाला आल्याचा वास.
बोळात समोरून फळी आली.
खाली कुणी विशीतला पोरगा, मान ताठ, ओठ मिटलेले.
चांगफा भिंतीला चिकटला.
विटा दुपारच्या उन्हानं अजून कोमट होत्या.
सवयीनं वाडगे मोजले त्यानं. बावीस.
मग त्या पाठमोऱ्या पोराला
काहीतरी सांगायला तोंड उघडलं,

पण भरल्या फळीला मागून हाक मारत नाहीत.